सायकलीची वाट



आपल्या व्याख्यानमालेच्या नावात 'वसंत' आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ही प्रथा पाडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याचा वसंत असणार. म्हणजे संध्याकाळची नदीवरून येणारी झुळूक, अंगावर उपरणे आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यावर प्रसन्नता. आपल्या तिवशाचा वसंत निराळा आहे. येथे चैत्र सरतो न सरतो तोच पारा चव्वेचाळिसाकडे धाव घेतो, भिंती रात्री दहापर्यंत भाजत राहतात, आणि व्याख्यानाला माणसे येतात याचे एक कारण असे असते की घरात बसवत नाही. वक्त्यांचा उपमर्द करावा म्हणून मी हे म्हणत नाही. आज वक्ता मीच असल्यामुळे तेवढी सूट मी घेतो.

चालकमंडळी माझ्याकडे आली तेव्हा 'गुरुजी, तुम्हाला जो चांगला येतो तो विषय घ्या' असे म्हणाली. मला चांगले येते ते गणित. परंतु दिवसभर तापलेल्या माणसांना अंगणात बसवून त्यांच्यापुढे वर्गसमीकरणे सोडविणे मला प्रशस्त वाटेना. दुसरी मला येणारी गोष्ट म्हणजे सायकल चालविणे. या व्यासपीठावर वेदान्तापासून अवकाशयानापर्यंत अनेक विषय येऊन गेले आहेत, त्यांच्या पंक्तीला सायकलीला बसविताना मंडळी क्षणभर चाचरली. पण मग हो म्हणाली. तेव्हा आजचा विषय सायकल. शर्यतीची नव्हे, व्यायामाची नव्हे. रोज सकाळी घरून निघून कामावर पोहोचणारी आणि संध्याकाळी परत येणारी सायकल.

या विषयातला माझा अधिकार थोडक्यात सांगतो. १९७४ पासून २००६ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, मी तिवशाहून ११ किलोमीटरवरच्या एका खेड्यातील शाळेत सायकलीने गेलो आणि सायकलीने परत आलो. वर्षात शाळेचे दिवस २२० धरले तर हा प्रवास १ लाख ५४ हजार ८८० किलोमीटर होतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर. म्हणजे जवळजवळ चार प्रदक्षिणा झाल्या. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, साडेचार वर्षांनी, १९२८ च्या मार्चमध्ये, सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून परत आले. वाटेत त्यांनी सिनाईचे वाळवंट ओलांडले, आल्प्स पर्वत ओलांडला. अंतराच्या हिशेबाने मी त्यांच्या दुपटीहून पुढे आहे. फरक एवढाच, की ते जग पाहून आले आणि मी दर संध्याकाळी तिवशालाच पोहोचलो.

पण यातही एक मौज आहे. त्यांनी प्रत्येक गाव एकदाच पाहिले. मी एकच रस्ता चौदा हजार वेळा पाहिला. चौदा हजार वेळा पाहिलेल्या रस्त्याचे काय दिसते, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पायी जाणाऱ्याला त्याचा फार थोडा भाग दिसतो, कारण तो लवकर थकतो. मोटारीतून जाणाऱ्याला तो दिसतच नाही. त्याला काचेतून फक्त मागे पळणारी झाडे दिसतात. सायकलस्वाराची उंची आणि वेग या दोन्ही गोष्टी पाहण्याच्या दृष्टीने अगदी बेताच्या आहेत. कुंपणापलीकडचे दिसेल इतका तो उंच असतो, आणि शेतातल्या माणसाने 'रामराम' घातला तर उत्तर ऐकू जाईल इतका हळू.

या यंत्राची जन्मकथा मी फार लांबवीत नाही, कारण ती पुस्तकांत आहे. जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते. जमिनीला पाय रेटीत जायचे. पुढे पायडल आले, मग ते माणसाइतक्या उंच पुढच्या चाकाचे विचित्र प्रकरण आले, आणि १८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची व मागच्या चाकाला साखळी लावलेली सायकल तयार केली. तुम्ही-आम्ही वापरतो ती सायकल मूलतः तीच. तिला हवेचे टायर दिले ते डनलप नावाच्या एका जनावरांच्या डॉक्टराने, १८८८ साली, बेलफास्टमध्ये. तेही प्रथम स्वतःच्या मुलाच्या तीनचाकीसाठी. आणि योगायोग पाहा, की त्याच १८८८ साली आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ज्या घराण्याने पुढे महाराष्ट्राला लोखंडी नांगर दिला, त्याच्या उद्योगाची सुरुवात सायकल विकण्यापासून झाली, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवे होते.

मी गणिताचा माणूस असल्यामुळे मला या यंत्रातली एक गोष्ट फार भावते. सपाट रस्त्यावर तेवढेच अंतर जायला चालणाऱ्याला जितकी शक्ती लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्शात सायकलस्वार जातो. माणसाच्या अंगात कोणतीही नवी शक्ती न घालता त्याला पाचपट दूर नेणारे दुसरे यंत्र मला माहीत नाही. मोटार पेट्रोल पिते, बैलाला ढेप लागते. सायकलीला लागते ती मालकाने सकाळी खाल्लेली भाकर आणि चैनीवर महिन्यातून दोनदा दोन थेंब तेल.

आता आनंदाचे सांगतो. माघात पहाटे निघाले की संत्र्याच्या बगीच्यांना आंबिया बहाराची फुले आलेली असतात. तो वास दुरून येत नाही. रस्त्याच्या एका विशिष्ट वळणावर आपण त्यात शिरतो आणि दोनशे पावलांनी त्यातून बाहेर पडतो. जणू कोणी हवेत खोली बांधून ठेवली आहे. त्या खोलीत मी पायडल मारणे थांबवीत असे. पुढे नाल्याचा उतार असल्यामुळे तेवढे परवडत असे. उतारावर फ्रीव्हीलचा जो किरकिर आवाज येतो, त्याच्याइतके समाधानाचे संगीत मी तरी ऐकलेले नाही. अर्थात् संध्याकाळी तोच उतार चढ होतो, ही गोष्ट वेगळी.

वाऱ्याचेही तसेच. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. अमरावतीकडे तोंड करून निघालेला सायकलस्वार त्या वेळी जागच्या जागी पायडल मारतो की काय असे वाटते. आणि अमरावतीहून तिवशाकडे येणारा, पाठीशी देव असल्यासारखा येतो. पाठीवरचा वारा फसवा असतो. तो आहे हे लक्षातच येत नाही, आणि माणसाला वाटते की आज आपल्याच मांड्यांत जोर आला. तोंडावरचा वारा मात्र कोणीही स्वतःचा दोष मानीत नाही. माझ्या पाहण्यात नोकरीत बढती मिळालेली माणसेही थोडी अशीच बोलतात.

सायकलीवरून शेते बदलताना दिसतात. मी नोकरीला लागलो तेव्हा या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असे. मार्गशीर्षात कोणी ना कोणी हाक मारून सायकल थांबवी आणि हुरड्याची कणसे हातात देई. १९९० नंतर सोयाबीन आले, आणि दहा-पंधरा वर्षांत ज्वारी इतकी मागे सरली की माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलांना हुरडा ही विकत घ्यायची वस्तू आहे असे वाटे. सोयाबीनने पैसा दिला हे मी नाकारीत नाही. पण सोयाबीनच्या शेतातून कोणी सायकलवाल्याला हाक मारीत नाही. बोलावून द्यायचे काय? आणखी एक फरक. ज्वारीच्या दिवसांत गोफण घेऊन पाखरे हाकणारी पोरे मचाणावर दिसत. आता पहाटे रोही दिसतात, आठ-दहांचा कळप, आणि त्यांना राखणारा शेतकरी रात्रभर जागून तांबारलेल्या डोळ्यांनी घरी परतताना दिसतो. त्याच्याही सायकलीला डबा लटकलेला असतो. आम्ही एकमेकांना पाहून फक्त मान हालवीत असू. त्याचा दिवस संपत असे आणि माझा सुरू होत असे.

दुःखांकडे वळतो. सायकलवाल्याच्या दुःखांत पहिले स्थान पंक्चरचे, आणि आपल्या भागात पंक्चरचे दोन मोठे धनी. एक बाभळीचा काटा आणि दुसरा सराटा. बाभळीचा काटा सरळ असतो, शत्रू म्हणून तो उमदा आहे. शिरला की एकदम फुस्स होते आणि तुम्ही खाली उतरता. सराटा दिसतो वाटाण्याएवढा, पण त्याची रचना अशी की तो कसाही पडला तरी एक टोक वर राहते. तो टायरात बसून राहतो आणि हवा दिवसभर थोडी थोडी जाते. सकाळी शाळेत पोहोचेपर्यंत सर्व ठीक. संध्याकाळी सुट्टी झाली की चाक जमिनीला चिकटलेले. हा छळ केवळ वऱ्हाडाच्या नशिबी आहे असे मला पूर्वी वाटे. पुढे वाचनात आले, की ही वनस्पती भूमध्य समुद्राच्या बाजूने अमेरिकेतही पोहोचली आहे, आणि तेथे तिला 'पंक्चरची वेल' असेच नाव पडले आहे. तिचा त्रास इतका झाला की १९६१ साली तिचे बी पोखरणारे सोंडे मुद्दाम आणून तेथे सोडण्यात आले. आपल्याकडे मात्र त्याच सराट्याला गोखरू म्हणून वैद्य औषधात घालतात. एकाचे औषध ते दुसऱ्याचे पंक्चर.

पंक्चर काढणे ही विद्या मी फार काळजीपूर्वक पाहिलेली आहे, कारण ती पाहत बसण्यात माझ्या आयुष्याचे बरेच तास गेले. आमच्या चौकातला कारागीर टायर रिमवरून सोडवी, ट्यूब बाहेर ओढी, हवा भरी आणि घमेल्यातल्या पाण्यात ती हळूहळू फिरवी. बुडबुडे दिसले की तेथे बोट ठेवी. मग ती जागा कोरडी करून कानशीने घासी, सोलुशन लावी, आणि थांबे. हे थांबणे हा त्या विद्येचा गाभा आहे. सोलुशन ओले असताना ठिगळ लावले तर ते धरत नाही. ते जरा सुकून चिकट व्हावे लागते. गिऱ्हाईक घाई करी, 'अबे लाव ना लौकर', तर तो शांतपणे म्हणे, 'दम धरा ना भाऊ, सोलुसनले वाळू तं द्या.' त्यानंतर ठिगळ, हातोडीचे दोन ठोके, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टायराच्या आतून बोट फिरवून काटा शोधणे. नवशिका कारागीर ट्यूब जोडतो आणि काटा तसाच ठेवतो. अशा दुकानापासून माणूस फर्लांगभर जातो आणि पुन्हा परत येतो.

पावसाळ्याचे मी अधिक सांगत नाही, कारण तुम्ही सारे काळ्या मातीतली माणसे आहात. पांदणीतून सायकल नेऊ नये हे आपल्याकडे पोरालाही समजते. पहिल्या पावसानंतर ती माती चाकाला धरते, चाकावरून मडगार्डात जाते, तेथे गच्च बसते, आणि मग चाक फिरत नाही. त्यानंतर माणूस सायकलीवर नसतो. सायकल माणसावर असते. खांद्यावर वीस किलोची सायकल, हातात वहाणा, आणि समोरून येणारा प्रत्येक जण विचारतो, 'काहून गुरुजी, सायकल बिघडली काय?'

हे विचारणे हेही एक दुःखच, पण गोड. सायकलस्वार हा सार्वजनिक माणूस आहे. मोटारवाल्याला कोणी सल्ला देत नाही. सायकलवाल्याला 'हवा कमी हाय', 'मागचा चाक डुलून रायला', 'स्टँड खाली हाय पाहा', 'धोतर सांभाळा, चैनीत जाईन' असे रस्ताभर ऐकावे लागते. शिवाय सायकल ही आपल्याकडे कोणाच्या एकट्याच्या मालकीची नसते. 'जरा सायकल द्या, आलोच' म्हणून नेणारा गृहस्थ परत येतो तेव्हा सीट दोन इंच खाली गेलेली असते, आणि ती पुन्हा वर करायला पाना ज्याच्याकडे असतो तो नेमका बाजारला गेलेला असतो. कुत्र्यांविषयी मी बोलत नाही. प्रत्येक गावात एक कुत्रा असा असतो की ज्याला पायडल मारणारी पोटरी पाहवत नाही. त्याच्यावर उपाय एकच, खाली उतरून चालू लागणे. तो लगेच लाजून परत जातो.

आता मला ज्यासाठी येथे उभे राहावेसे वाटले ते सांगतो.

१९८१ च्या सुमारास माझ्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. ती याच तालुक्यात आहे. अपूर्णांकांत तिचा हात धरणारा मुलगा त्या शाळेत नव्हता. आमची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल तेथून सहा किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता पांदणीचा. मी तिच्या वडिलांकडे गेलो. माणूस समंजस होता. म्हणाला, 'गुरुजी, पोरीले शिकवाले माही ना नाई. पण ते जाईन कशी? येस्टी येते दिवसातून एकदा, ते बी शाया सुटल्यावर दोन घंट्यानं.' मी म्हटले, सायकल आहे ना घरात. तो हसला. तुच्छतेने नव्हे, मी काहीतरी अशक्य बोललो म्हणून हसला. 'पोरगी सायकलवर? लोकं काय म्हंतीन?' घरात सायकल होती, पोरगी होती, शाळा होती. तिन्ही एका जागी आल्या नाहीत. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले.

अशा किती मुली झाल्या असतील याचा हिशेब माझ्यापाशी नाही. पण उलट बाजूचा हिशेब दुसऱ्यांनी मांडला आहे, आणि गणिताचा शिक्षक म्हणून मला तो येथे ठेवला पाहिजे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलामुलींतली तफावत ४० टक्क्यांनी घटली असे आढळले. मुख्य मुद्दा असा, की हा फरक जेथे शाळा तीन किलोमीटरहून दूर होती तेथेच प्रामुख्याने पडला. म्हणजे अडचण बुद्धीची नव्हती, इच्छेची नव्हती. तीन किलोमीटरची होती. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात २०११ नंतर १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात येऊ लागल्या.

आणि लोक काय म्हणतील याचेही उत्तर मिळालेले आहे. तमिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरतेच्या चळवळीत खेड्यातल्या बायांना अक्षरांबरोबर सायकल शिकविली गेली. हजारो बाया शिकल्या. बायकांच्या सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या दांडीवाल्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच आवडल्या, कारण दांडीवर मूल बसविता येते. लोक पहिल्या महिन्यात पुष्कळ बोलले. मग त्यांना सवय झाली. लोकांचे बोलणे फार काळ टिकत नाही, हा अनुभव आपणही घेऊन पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या सुझन अँथनी यांनी तर १८९६ सालीच सांगून टाकले होते, की स्त्रीला मोकळे करण्याचे काम सायकलीने केले तेवढे जगात दुसऱ्या कशानेही केले नाही.

मी सांगितलेल्या त्या मुलीची गोष्ट तेथे संपत नाही. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी.चा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला, हे तुम्हाला आठवत असेल. खेड्यापाड्यांतल्या पोरांची शाळा त्याआधीच दीड वर्ष बंद होती. ती उघडली आणि लाल गाडी थांबली. त्या दिवसांत माळ्यावरच्या, गोठ्यातल्या, कोंबड्या बसत होत्या त्या सायकली खाली उतरल्या. आमच्या चौकातला कारागीर सकाळपासून रात्रीपर्यंत ओव्हरहॉलिंग करीत होता. एके संध्याकाळी मी फिरायला निघालो असता गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत एक बाई लुगड्याचा पदर खोचून, सायकलीचे कॅरियर धरून धावताना दिसली. सायकलीवर आठवीतली पोर होती, तिची नात. पोर ओरडत होती, 'आजी, सोडू नको, सोडू नको!' आणि आजीने केव्हाच सोडून दिलेले होते. ती गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकीत उभी होती. मला पाहून म्हणाली, 'गुरुजी, आता हिले कोनी म्हनून पाहावं बरं, लोकं काय म्हंतीन!' मी विचारले, तुला येते काय चालवायला? ती म्हणाली, 'नाई जी. धरता येते.'

इतके झाल्यावर त्या पोरीला सायकल मिळाली, हिंमत मिळाली, आजी मिळाली. राहिला रस्ता. आणि रस्त्याविषयी मला कठोर बोलले पाहिजे.

आपल्या गावावरून जाणारा महामार्ग हा देशाच्या मोठ्या रस्त्यांपैकी आहे. गुजरातेतल्या हजिऱ्यापासून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर करीत तो पारादीपला जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता आणि तो कलकत्त्याला जाई. २०१० साली क्रमांक बदलले तेव्हा तो ५३ झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्याकडचा तुकडा चौपदरी झाला. रस्ता उत्तम आहे. अमरावतीला रुग्ण नेणारी गाडी पूर्वीपेक्षा लवकर पोहोचते, हे मी मान्य करतो. पण तो रस्ता आखताना, त्यावर सायकलीने जाणारा माणूस आहे ही गोष्ट कोणाच्या डोळ्यांपुढे होती असे त्याच्याकडे पाहून वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४५ टक्के घरांत सायकल आढळली. शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांत दर शंभरी तेरा जण सायकलीने जात होते. ही काही अडगळीतली जमात नव्हे.

रस्त्याच्या मधोमध दुभाजक आला. एखाद्याचे घर रस्त्याच्या या बाजूला आणि शेत त्या बाजूला. पूर्वी तो वीस पावलांत ओलांडून जाई. आता ओलांडायची जागा दीड किलोमीटर पुढे. म्हणजे दुधाच्या दोन कॅन लटकावून त्याने दीड किलोमीटर पुढे जायचे, वळायचे आणि दीड किलोमीटर मागे यायचे. जाता-येता मिळून सहा किलोमीटर, वीस पावलांसाठी. तो काय करतो? उलट्या बाजूने जातो. मग मोटारवाला काच खाली करून त्याला शिव्या देतो, आणि वर्तमानपत्रात येते की सायकलस्वार नियम पाळीत नाहीत. नियम पाळणे परवडू नये अशी व्यवस्था आधी करायची आणि मग नियम मोडला म्हणून दोष द्यायचा, यात मला न्याय दिसत नाही. माझ्या ओळखीचा एक दूधवाला पौषातल्या धुक्यात असाच गेला. त्याच्या सायकलीला मागे लाल काच नव्हती, असे लोक मला सांगत होते. होती. मी ती लावताना पाहिली होती.

कडेची जी पट्टी आखून दिली आहे ती तरी सायकलीला मिळावी. पण तिच्यावर ट्रक उभे असतात, आणि दिवाळीच्या आधी आपणच तिच्यावर सोयाबीन वाळत घालतो. सायकलवाला ते चुकवायला आत सरकतो, आणि मागून भोंगा येतो. ट्रकवाल्यांना मी काय सांगणार? सोयाबीनवाले मात्र येथे समोर बसलेले आहेत.

आणि तरीही या रस्त्याने सायकलीची योग्यता आपल्याला एकदा दाखविलेली आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, टाळेबंदीत, आगगाड्या बंद, मोटारी बंद, त्या वेळी याच रस्त्यावरून माणसे पूर्वेकडे जात होती. छत्तीसगडची, ओडिशाची, बिहारची, झारखंडची. पुष्कळ पायी होती. काहींनी होते नव्हते ते पैसे घालून मुंबई-पुण्याला सायकली विकत घेतल्या होत्या. नव्या कोऱ्या सायकली, दांडीवरचा कागदही निघालेला नव्हता, आणि कॅरियरला बांधलेले अवघे बिऱ्हाड. नवतप्याच्या उन्हात ती माणसे डोक्याला दुपट्टा गुंडाळून पायडल मारीत होती. त्याच महिन्यात बिहारमधल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीने जखमी बापाला कॅरियरवर बसवून गुरुग्रामहून दरभंग्यापर्यंत, सुमारे १२०० किलोमीटर, नेल्याची बातमी सर्व जगात गेली. त्या मुलीचे कौतुक झाले, ते योग्यच. तिला तसे जावे लागले याची लाज वाटायला हवी होती, ती कमी वाटली.

आमच्या चौकातल्या कारागिराचे दुकान त्या वेळी कायद्याने बंद होते. पुढचे फळकूट लावलेले असे आणि मागच्या अंगणात तो पहाटे घमेले भरून बसे. कोणी पैसे पुढे केले तर म्हणे, 'घरी पोचल्यावर पाठवजा.' पत्ता मात्र तो कोणालाच देत नसे. नव्या टायरात सराटे फार बसतात. नवे रबर मऊ असते, असे त्याचे म्हणणे. ते शास्त्राला धरून आहे की नाही याची चौकशी मी केली नाही.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. माझे दोनच अर्ज आहेत. एक, आपल्या तालुक्यातल्या ज्या ज्या शाळेत मुली सायकलीने येतात तेथे एक छपरी असावी. दिवसभर उन्हात उभी राहिलेली सायकल दुपारी हाताला चटके देते आणि ट्यूब फुटते; चार खांब आणि दहा पत्रे एवढाच खर्च आहे, आणि तो वर्गणीतून होऊ शकतो. दुसरा अर्ज सोयाबीनचा. तो मघाशी केला.

शेवटी एक सूचना. मी येताना पिशवीतून पाना, कानस, सोलुशन आणि ठिगळे आणली आहेत. घमेले येथल्या शिपायाने दिले आहे. व्याख्यान संपल्यावर पायरीजवळच्या दिव्याखाली पंक्चर कसे काढतात ते मी दाखविणार आहे. आठवी-नववीच्या मुलींनी आधी पुढे यावे, त्यांच्या आज्यांनी बरोबर यावे, आणि पुरुषमंडळींनी मागे उभे राहून सल्ले देऊ नयेत. सोलुशन वाळायला वेळ लागतो.